न चुकणारा ठोका

मन्मथ बिराजदार पहिल्यांदा गेले ते बैलांच्या प्रदर्शनात. उदगीरच्या मैदानावर देवणी वळूंची रांग लागली होती. पशुसंवर्धन खात्यात उभी हयात घालवलेला माणूस म्हणून परीक्षकाचा बिल्ला त्यांच्या सदऱ्यावर होता. एका वळूच्या वशिंडावर हात ठेवून ते मालकाला म्हणाले, "गळ्याखालची पोळी बघा कशी लोंबती, ही खरी..." आणि पुढचा शब्द आलाच नाही. माणूस मटकन खाली बसला, मग धुळीत आडवा झाला. लोकांना वाटलं ऊन लागलं. कुणी कांदा आणायला धावलं. तेवढ्यात गर्दीतून एक शिकाऊ डॉक्टर पोरगी पुढे घुसली. रेहाना अत्तार तिचं नाव. तिने गळ्याला बोटं लावून पाहिली आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला सुरुवात केली. रुग्णवाहिकेतलं विजेचा झटका देणारं यंत्र येईपर्यंत ती थांबली नाही. हे सगळं त्यांची बायको महानंदा, हातात दोघांच्या डब्याची पिशवी धरून, उभ्या जागेवरून बघत होती.

माणूस परत आला, पण त्याचा भरवसा गेला. कधीकाळच्या एका तापाने हृदयाच्या भिंतीत व्रण सोडला होता आणि त्या व्रणाच्या कडेला ताल बिघडायचा. डॉक्टरांनी छातीत कातडीखाली एक यंत्र बसवलं. ताल चुकला की ते आतून झटका देणार. जीव वाचायचा, पण शुद्धीत बसलेला झटका म्हणजे बैलाने छातीत लाथ घालावी तसा. त्या भीतीने काळीज धडधडायचं, धडधडीने ताल बिघडायचा, आणि यंत्र पुन्हा लाथ घालायचं. एकदा तर जेवता जेवता झटक्यांवर झटके बसले आणि ताट अंगणात जाऊन पडलं. त्यानंतर मन्मथराव हसायचेही जपून. गावातल्या लग्नाकार्यात गेले तर बँडवाल्यांपासून लांब, मांडवाच्या टोकाला खुर्ची टाकून बसायचे.

अशात निजणीची बातमी आली.

निजणी ही कोकणातल्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळपठारावरची, जांभ्या दगडाच्या भेगांतून उगवणारी बोटभर वनस्पती. वर्षाचे आठ महिने ती वाळून काडी होते. चुरगाळली तर भुगा व्हावा अशी. पाणी मिळालं की दिवसभरात पुन्हा हिरवी. तिकडची माणसं म्हणायची, ती मरत नाही, निजते. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने तिच्यामागे वर्षं घालवली तेव्हा एक गोष्ट उलगडली. वाळणं तिला फारसं धोक्याचं नसतं, खरा धोका असतो तो जागं होण्यात. कोरडी पेशी एकदम श्वास घ्यायला लागते आणि प्राणवायूचे आगलावे कण तिला आतून भाजून काढतात. निजणीच्या पेशीत मात्र त्या कणांना गिळून टाकणारं एक द्रव्य असतं.

हृदयातही नेमकं हेच घडतं. कुठल्याशा भागाचं रक्त आटतं आणि मग परत येतं. त्या परतीच्या क्षणी असेच आगलावे कण सुटतात. पेशीत कॅल्शियम कोंडून ठेवणारी इवली इवली दारं असतात. हे कण त्यांना गंज चढवतात. दारं गळायला लागतात, नको त्या वेळी ठिणगी पडते, एका पेशीचं बघून दुसरी पेटते, आणि आकुंचन पावायचं सोडून हृदय नुसतं थरथरत राहतं. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या लोकांनी आधीही पुष्कळ खाल्ल्या होत्या, पण त्या जिथे पोचायला हव्यात तिथे पोचायच्या आधीच खर्ची पडायच्या. निजणीचं द्रव्य थेट पेशीच्या ऊर्जाघराच्या भिंतीत जाऊन बसायचं आणि तिथली ऊर्जा घेऊन पुन्हा पुन्हा ताजं व्हायचं. तांदळाच्या दाण्याएवढा एक दाणा दंडाच्या कातडीखाली ठेवला की वर्षभर पुरत असे.

पहिल्या चाचणीसाठी माणसं निवडत होते तेव्हा मन्मथरावांचं वय जास्त ठरलं. महानंदा पुण्याला गेली आणि प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसून राहिली. हाकललं की उठायची, पुन्हा येऊन बसायची. शेवटी मुख्य संशोधकबाई कंटाळून म्हणाल्या, "आणा त्यांना. बघू."

दाणा बसला आणि यंत्राने छातीत एकदाही लाथ घातली नाही. पुढे त्याची बॅटरी संपली तेव्हा ते काढूनच टाकलं. मन्मथराव पुन्हा विहिरीत सूर मारायला लागले. मुलाच्या, वीरेशच्या लग्नात बँडच्या ऐन मधोमध नाचले. महानंदाने निजणीला देवघरात ठेवायचं तेवढं बाकी होतं. तेही तिने केलं; सड्यावरून कुणीतरी आणून दिलेली वाळकी काडी गुरुवारी पूजेत असायची.

काही वर्षांनी साठीच्या वरच्या सगळ्यांनाच दाणा मिळायला लागला. तो सरकारी दवाखान्यात फुकट बसवून मिळे. मग एक नवल घडलं. ते कुणाच्या लगेच ध्यानात आलं नाही, कारण न घडलेल्या गोष्टी कोण मोजतं? माणसं अचानक जायची थांबली. 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन' ही ओळ पेपरातून दिसेनाशी झाली. 'झोपेतच गेला, पुण्यवान माणूस' असं म्हणायची वेळ कुणावर येईना. बाकीचं शरीर मात्र आपल्या गतीने थकत होतं. डोळे, गुडघे, मेंदू एकेक करून संपत आणि हृदय मात्र टक टक करत मागे उरे, दुकान उठून गेल्यावरही जळत राहिलेल्या दिव्यासारखं.

बिराजदारांच्या गल्लीत आता घरटी एक खाट होती. शेजारच्या कलावतीची सासू शंभरी ओलांडून खाटेवर होती. कलावती स्वतः काठी टेकत तिला भरवायची.

मन्मथरावांची खाट ओसरीलगतच्या खोलीत होती. आधी ते वळूंची नावं विसरले, मग गावांची, मग वीरेशचं. शेवटी महानंदाचं. आता हातपाय आखडून अंगाशी आले होते आणि गिळताना ठसका लागायचा. महानंदा ज्वारीची पेज पातळ करून चमच्याने भरवायची.

"बाई," ते एका सकाळी म्हणाले. ते तिला बाईच म्हणायचे, कामाला ठेवलेली बाई. "माझी बायको आली का?"

"कुठं गेल्या?"

"माहेरी गेलीय. भालकीला. आली की तिला सांगा, मी थांबून थांबून दमलो."

"सांगते," महानंदा म्हणाली. भांडं घेऊन ती मोरीवर गेली आणि नळ सोडून बराच वेळ तशीच उभी राहिली.

पूर्वी या घरात माणसांचा राबता असायचा. मन्मथराव आजारी पडले तेव्हा गाव लोटला. मग येणं पातळ झालं. त्यात लोकांची चूक नव्हती. येऊन विचारायचं काय? "कसं आहे?" "तसंच आहे." गेल्या वर्षी तसंच, औंदाही तसंच. बातमी नसलेल्या घरी कोण येतं? महानंदाचे दिवस बोलल्यावाचून जायला लागले. कधी दुपारी आपलाच आवाज ऐकावा म्हणून ती भाजीला काय करायचं ते मोठ्याने म्हणायची आणि मग तेवढ्यानेही ओशाळायची.

थंडीत त्यांना ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली. डॉ. रेहाना आल्या. ती शिकाऊ पोरगी आता गावातली मोठी डॉक्टर झाली होती. केस पिकले होते, पण महानंदाकाकूंच्या घरी ती अजून चप्पल काढून आधी स्वयंपाकघरात डोकवायची. औषधं सुरू झाली आणि आठवड्याभरात ताप उतरला.

"यातून निघाले, काकू," रेहाना म्हणाली.

"डॉक्टरबाई, खरं सांगा. आधीच्या काळी असा ताप आल्यावर माणूस निघायचं का?"

रेहानाने आपल्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून हातात गुंडाळला. "माझ्या दादांना, म्हणजे आजोबांना, असाच ताप आला होता. दोन रात्री काढल्या, मग पहाटे हृदयाने ताल सोडला. घरातले म्हणाले, अल्लाने अलगद उचललं. आता हृदय ताल सोडत नाही, काकू. बाकी सगळं सुटतं."

"पुढल्या महिन्यात ह्यांचा दाणा बदलायचाय."

"हो. सिस्टर घरीच येईल."

"आणि नाही बदलला तर?"

रेहानाने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. "लगेच काही होणार नाही. आतलं द्रव्य हळूहळू ओसरेल. मग त्यांचं हृदय पूर्वीच्या माणसांसारखं होईल. चालेल तोवर चालेल. नको म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, कायद्याने आहे. त्यांनी कधी बोलून ठेवलं होतं का, असं झालं तर काय करा म्हणून?"

महानंदाने मान हलवली. मरणाचा विषय घरात निघालाच नव्हता. ते इतकं लांब गेलं होतं, की त्याचं नाव काढणं अभद्र नाही तर उगाचचं वाटायचं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला नका विचारू," रेहाना एकदम म्हणाली. "ह्या छातीवर मी हात दाबलेत, काकू. डॉक्टर म्हणून मी पहिला जीव वाचवला तो हा. मी काय सांगू?"

वीरेश रॉटरडॅमच्या बंदरात नोकरीला होता. बायको-मुलींसह तिकडेच राहत होता. त्याने अप्पांच्या बोटात एक अंगठी घातली होती. ती नाडीचे ठोके मोजायची आणि त्याच्या फोनवर पाठवायची. महानंदाने फोनवर त्याला सगळं सांगितलं, दाणा नको म्हणायचंय हेही.

"अव्वा, मी उठलो की आधी अप्पांचे ठोके बघतो," तो म्हणाला. "चालू आहेत म्हटल्यावर मग चहा ठेवतो. इतकी वर्षं."

"ठोके बघतोस रे. तोंड कधी बघितलंस?"

"व्हिडिओवर बघतो की!"

"व्हिडिओ लावायच्या आधी मी त्यांचं तोंड पुसते, केस विंचरते, अंगावर धुतलेली चादर घालते. तू बघतोस ते मी केलेलं असतंय."

"मग बाई ठेव. दोन ठेव. मी पैसे..."

"पैशाचं कुणी बोललं का?"

"अव्वा, तूच पुण्याला पायऱ्यांवर जाऊन बसली होतीस ना? तूच! आणि आता तूच त्यांना मारायला निघालीस?"

हा शब्द त्याच्याही कानाला लागला असावा. पण परत घेतला नाही. फोन बंद झाला.

सिस्टर आली ती बर्फाच्या डबीत दाणा घेऊन. तरणी, हसतमुख पोरगी. तिने मन्मथरावांची बाही वर सारली, दंड पुसला. महानंदाने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"नको बाळा. राहू दे."

"आज नको? उद्या येऊ?"

"उद्या पण नको."

पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. इतक्या घरांतून हिंडून असं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिने कापूस उचलला, डबी मिटली, आणि जाताना का कोण जाणे, महानंदाच्या पाया पडली.

नंतरचे दिवस महानंदाने कसे काढले ते तिलाच ठाऊक. दर सकाळी ती त्यांच्या खोलीचं दार आधी बोटभरच लोटायची. ते डोळे उघडे ठेवून छताकडे बघत असायचे. मग तिला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं म्हणून लाज वाटायची, आणि लाज कशाची तेही कळायचं नाही. सांगणार कुणाला? कलावतीला एकदा ओझरतं सांगितलं. कलावतीने काठीवर हनुवटी टेकली आणि म्हणाली, "तुला धीर झाला. मला होत न्हाई." पण त्या दिवसापासून तीही येईनाशी झाली. एकाच्या धीराने दुसऱ्याला आपलं भय दिसायला लागतं, तसं काहीतरी झालं असावं.

वीरेशचा फोन येत नव्हता. सून मात्र मधूनच दोन ओळींचा निरोप पाठवायची, सगळे बरे आहेत, काळजी घ्या.

एक गोष्ट बदलली. महानंदा आता त्यांच्याशी भांडत नव्हती. पूर्वी एखाद्या वेळी ती गिळून टाकायची, पण बहुतेकदा ते बाई म्हणाले की हातातलं काम टाकून समोर यायची. मी महानंदा, मी तुमची बायको, असं ती दहादा सांगायची आणि ते घाबरून रडायला लागायचे. आता त्यांनी विचारलं, "बायको आली का?" की ती खाटेच्या कडेला बसायची.

"निघाल्यात त्या भालकीहून," ती म्हणायची. "गाडीत बसल्यात."

"गर्दी असेल."

"जागा मिळालीय. खिडकीजवळची."

मन्मथरावांचा चेहरा निवायचा. अशा वेळी ते तिच्या हातातून पेज ठसका न लागता पीत. त्या खोलीत बसून महानंदा स्वतःच्याच येण्याची वाट बघायला लागली.

उन्हाळा सरत आला. एका सकाळी त्यांना पुसून, पाठीला उशी लावून ती दारात आलेल्या भाजीवालीकडे गेली. मेथीची जुडी हातात घेऊन पानं कोवळी आहेत का बघत होती तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला. वीरेश. इतक्या महिन्यांनी. रॉटरडॅमला अजून नीट उजाडलंही नसेल.

"अव्वा, कुठं आहेस?"

"दारात. मेथी घेतीय. का रे?"

"अप्पांकडे जा."

तिने जुडी टोपलीत ठेवली. ओसरीपासून खोली दहा पावलांवर होती आणि ती जन्मात इतकं लांब चालली नव्हती.

"गेलीस का?" फोनमधून आवाज आला. "अंगठी निसटली असेल बोटातून. कधीकधी निसटते. बघ ना, खाली पडली असेल. अव्वा?"

अंगठी बोटातच होती. महानंदाने आखडलेला हात हातात घेतला. हात अजून ऊन होता.

"नाही रे बाळा," ती म्हणाली. "निसटली नाही."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. मग तो रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, आधी हुंदके गिळत आणि मग न गिळता.

"कसे दिसतात?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

महानंदा बघत राहिली. आज तिने तोंड पुसलं होतं, पण कुणाला दाखवायला नव्हे. "कपाळाची आठी गेली," ती म्हणाली.

"फोन ठेवू नको."

"नाही ठेवत."

दारातून भाजीवाली विचारत होती, आजी, मेथी घ्यायची ना? दोघांनीही ते ऐकलं.

बातमी झाली आणि घर भरलं. गल्लीतली लहान पोरं दारात घोळका करून उभी राहिली. सकाळी असलेला माणूस दुपारी नाही, हे त्यांच्या वयात त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. एकाने तर विचारलं, "पण आजोबा आधी जास्त आजारी कुठं पडले?" जंगमस्वामी आले, विभूती लावली. वीरेश दुसऱ्या दिवशी पोचला आणि त्यानेच लिंगायत रिवाजाप्रमाणे समाधीच्या खड्ड्यात मातीची पहिली मूठ टाकली. रेहाना लांब, बाभळीच्या सावलीत उभी होती. परतताना तिने महानंदाचा हात दाबला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मायलेक ओसरीवर बसले होते.

"मी बोललो ते..." वीरेश म्हणाला.

"बोलायचंच होतं कुणीतरी. मी पण मनात तेच बोलत होते."

तो खालमानेने नखाने फरशीची रेघ कोरत राहिला. मग म्हणाला, "अव्वा, तुझा दाणा या महिन्यात आहे."

महानंदाला माहीत होतं. खरं म्हणजे तिने मनाशी ठरवलंही होतं. नको. आता कुणासाठी? तिने तसं सांगायला तोंड उघडलं आणि पोराकडे बघितलं. त्याचे केस कानाशी पांढरे झाले होते. त्याच्या फोनवर अजून अप्पांची रेघ तशीच होती, सरळ, आणि त्याने ती पुसली नव्हती.

"काय करू?" तिने विचारलं.

"मी कसं सांगू? तुझा जीव आहे." आणि मग राहवलं नाही म्हणून, अगदी हळू आवाजात, "घे ना, अव्वा. एवढं वर्ष घे."

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. रेहानाने स्वतः दाणा बसवला. "पुढल्या वर्षी तुम्हालाच विचारीन, काकू," ती म्हणाली. "दर वर्षी विचारीन. उत्तर देता येतंय तोवर." निघायच्या दिवशी वीरेशने नवी अंगठी आईच्या बोटात चढवली. सांध्यावर अडकली, तर साबण लावून बसवली.

तो गेल्यावर घर इतकं शांत झालं, की महानंदाला स्वतःचे ठोके ऐकू यायला लागले. एकसारखे, खणखणीत. भांडी एकाची, ताट एक, पेज करायची नाही. खोलीतली खाट उचलून नेली, तर भिंतीवर तिची सावली राहिल्यासारखा डाग दिसायचा. बातमी सरली, पुन्हा कुणी येईना. वीरेशचा फोन रविवारी येई. सोमवारी ती पुढच्या रविवारची वाट बघायला लागे.

एका दुपारी वारा सुटला. गच्चीवर ज्वारीचे पापड वाळत होते म्हणून ती जिना भराभर चढून गेली. वर पोचते न पोचते तोच फोन वाजला.

"अव्वा! काय झालं? ठोके केवढे वाढलेत!"

"काही नाही रे. पापड उडायला लागले होते."

"घाबरलो ना मी. सावकाश चढत जा."

"बरं. जेवलास का? पोरी कशा आहेत?"

मग ते बराच वेळ बोलले. पापड, पोरी, तिकडची थंडी, इकडचा वारा.

बुधवारी ती जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. वर काहीच वाळत नव्हतं. तिने पदर खोचला, कठडा धरला आणि जमेल तेवढ्या भरभर चढली. वर पोचून भिंतीला टेकली. छाती भात्यासारखी हलत होती. हातातल्या फोनकडे बघत ती उभी राहिली. वाजेना. तिला आपलंच हसू आलं, मग रडू आलं. ती खाली उतरायला वळली, तेव्हा वाजला.

"अव्वा, आज काय वाळत घातलंस?"

खोटं बोलायला श्वासच नव्हता. "काही नाही," ती म्हणाली. "नुसतीच चढले."

पलीकडे वीरेशच्या मागे बंदरावरचा कुठला तरी भोंगा वाजत होता.

"रोज चढत जा," तो म्हणाला.